मुद्दलाचा राखणदार

गरिबी सोसावी लागते आणि श्रीमंती पचवावी लागते. यातले दुसरे काम जास्त अवघड. धरणासाठी, रस्त्यासाठी किंवा कारखान्यासाठी जमीन गेली, मोबदल्याची रक्कम खात्यात जमा झाली आणि पाच-सात वर्षांत जमीनही नाही व पैसाही नाही अशी अवस्था झाली, अशी कुटुंबे आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात सापडतील. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला तर हे चित्र तोंडपाठ असते. पैसा उधळला गेला असे दरवेळी म्हणता येत नाही. कुणी मुलीचे लग्न केले, कुणी घरावर मजला चढवला, कुणी आजारपण निभावले. प्रत्येक खर्च आपापल्या जागी योग्यच असतो. चूक एवढीच की जमीन हे मुद्दल होते आणि ते व्याज समजून खाल्ले गेले.

असा प्रसंग एका कुटुंबावर न येता अख्ख्या राज्यावर आला तर काय होते? अमेरिकेतल्या अलास्का राज्यावर तो आला होता, आणि त्या वेळी मुद्दल म्हणजे काय आणि व्याज म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगण्यात एका माणसाने आपली सारी राजकीय पुण्याई खर्च केली. त्यांचे नाव जे हॅमंड. वैमानिक, शिकारी, कोळी, हौशी कवी आणि आठ वर्षे राज्यपाल. अमेरिकेत राज्यपाल लोकांमधून निवडून येतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभार पाहतो, एवढे आधी लक्षात घ्यायला हवे. हॅमंड जाऊन आता वीस वर्षे उलटली. तरीही अलास्कात अंदाजपत्रकाचे दिवस आले, की सत्ताधारी आणि विरोधक दोघेही आपापल्या बाजूने त्यांचेच नाव घेतात.

हॅमंड यांचा जन्म २१ जुलै १९२२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. धर्मोपदेशकाच्या घरात पैसा बेताचाच, पण शिस्त आणि सचोटी यांची वाण नव्हती. तरुणपणी त्यांनी पेनसिल्व्हेनियात पेट्रोलियम अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला होता. तेलाशी पुढे आयुष्यभर गाठ पडणार होती, पण ती अशा वाटेने पडेल हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. दुसरे महायुद्ध पेटले आणि शिक्षण अर्धवट टाकून ते नौदलाच्या मरीन दलात लढाऊ वैमानिक झाले. प्रशांत महासागरावर आणि नंतर चीनमध्ये त्यांनी विमाने चालवली.

युद्ध संपल्यावर १९४६ साली ते अलास्कात आले. रशियाच्या झारकडून अमेरिकेने १८६७ साली ७२ लाख डॉलरांना विकत घेतलेला हा प्रदेश आकाराने महाराष्ट्राच्या साडेपाच पट, पण वस्ती आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तेव्हा त्याला राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. रस्ते जवळजवळ नव्हतेच. एका वस्तीतून दुसरीत जायचे तर छोटे विमान हाच आधार. उन्हाळ्यात ते तळ्यावर उतरवायचे आणि हिवाळ्यात त्याच तळ्याच्या बर्फावर. हॅमंड यांना हे जगणे मानवले. अलास्का विद्यापीठातून १९४९ साली त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली, मग काही वर्षे केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्यात नोकरी केली. १९५२ साली त्यांनी बेला गार्डिनर यांच्याशी लग्न केले. बेला यांच्या अंगात तिथल्या यूपिक या मूळ निवासी समाजाचे रक्त होते. या नात्यामुळे बाहेरून आलेला हा गोरा माणूस त्या भूमीचा जावई झाला. पुढे नोकरी सोडून त्यांनी मासेमारी, शिकाऱ्यांना वाट दाखवणे आणि भाड्याने विमान चालवणे यांवर संसार चालवला. लेक क्लार्क नावाच्या सरोवराकाठी लाकडी ओंडक्यांचे घर बांधले. सत्ता आली आणि गेली, पण हॅमंड यांचा खरा पत्ता शेवटपर्यंत तोच राहिला.

त्यांच्या अर्थविचाराचे मूळ विद्यापीठात नव्हते. ते माशांच्या बाजारात होते. अलास्काच्या नैर्ऋत्येला ब्रिस्टॉल बे नावाचा उपसागर आहे. लाल सामन माशाची जगातली सर्वांत मोठी झुंड दर उन्हाळ्यात तिथल्या नद्यांमध्ये चढते. काही आठवड्यांचा हंगाम, पण उलाढाल कोट्यवधींची. मासे डबाबंद करणारे कारखाने बाहेरच्यांचे आणि हंगामापुरते येणारे कोळीही बरेचसे बाहेरचे. हंगाम संपला, की मासा गेला, मजुरी गेली आणि नफाही गेला. नॅकनेकसारख्या किनाऱ्यावरच्या गावांना धड शाळा नव्हती, धड सांडपाण्याची व्यवस्था नव्हती. आपल्या कोकणातल्या किंवा खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

हॅमंड तिथे स्थानिक स्वराज्य संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी एक कल्पना मांडली. पकडलेल्या माशावर तीन टक्के कर लावायचा, तो पैसा गुंतवायचा आणि प्रत्येक रहिवाशाला त्या गुंतवणुकीचा भागधारक करायचे. गावाने ती नाकारली. कर भरणारे बहुतेक सगळे बाहेरचे असतील, हे लोकांना दिसलेच नाही. कर हा शब्द कानी पडताच त्यांनी दार लावून घेतले. हॅमंड यांनी हट्ट सोडला नाही, मात्र वाट बदलली. माशावरचा कर मंजूर करा, त्या बदल्यात तुमच्या घरांवरचा कर काढून टाकतो, असा सौदा त्यांनी लोकांपुढे ठेवला आणि तो मान्य झाला. त्या चिमुकल्या भागाकडे पैसा येऊ लागला. भागधारकाची कल्पना मात्र तशीच राहून गेली.

या अनुभवातून हॅमंड दोन गोष्टी शिकले. सर्वांचे म्हणून जे असते, त्याच्याकडे कुणाचेच लक्ष नसते, ही पहिली. आणि माणसाला त्यातला स्वतःचा वाटा डोळ्यांनी दिसला की तोच माणूस रात्रभर जागून राखण करतो, ही दुसरी.

अलास्काला १९५९ साली राज्याचा दर्जा मिळाला आणि हॅमंड अपक्ष म्हणून विधिमंडळात निवडून आले. पुढे ते रिपब्लिकन पक्षात गेले, सिनेटचे अध्यक्षही झाले. नव्या राज्याच्या घटनेत एक महत्त्वाची गोष्ट होती. राज्याच्या मालकीच्या नैसर्गिक संपत्तीचा उपयोग जनतेच्या जास्तीत जास्त हितासाठी व्हावा, असे तिने सरकारवर बंधन घातले होते. केंद्राकडून राज्याला स्वतःच्या पसंतीची काही कोटी एकर जमीन निवडून घेण्याचा हक्कही मिळाला होता. त्या निवडीत उत्तर ध्रुवसागराच्या काठचा एक गोठलेला, ओसाड पट्टा होता. १९६८ साली तिथे, प्रुडो बे इथे, उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. जमीन राज्याची, म्हणून तेलातला मालकी हक्काचा हिस्साही राज्याचा.

सप्टेंबर १९६९ मध्ये अँकरेज शहरात त्या पट्ट्याचा लिलाव झाला. एका दिवसात राज्याला सुमारे ९० कोटी डॉलर मिळाले. राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट असलेली ही रक्कम. त्यातून शाळा झाल्या, रस्ते झाले, अनेक योजना सुरू झाल्या. नव्या आणि गरीब राज्याला त्यांची गरज होतीच. पण काही वर्षांतच ती सगळी रक्कम खर्चून गेली. तेल वाहून नेणारी आठशे मैलांची नळवाहिनी अजून पुरी व्हायची होती, तेलाचा थेंबही बाजारात गेला नव्हता. सरकारने वाढवून ठेवलेला खर्च मात्र दरवर्षी तोंड उघडून उभा. शेवटी जमिनीखाली पडून असलेल्या तेलावरच आगाऊ कर लावण्याची वेळ आली. ९० कोटी कुठे गेले, हा प्रश्न दुकानांत, बंदरांवर आणि चर्चच्या पायऱ्यांवर विचारला जाऊ लागला. दुधाने तोंड पोळले होते. आता ताक फुंकून प्यायला राज्य तयार झाले होते.

नेमक्या याच वेळी, १९७४ साली, हॅमंड राज्यपालपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. पक्षांतर्गत फेरीत त्यांनी दोन माजी राज्यपालांना मागे टाकले आणि अंतिम लढतीत गादीवर असलेल्या राज्यपालांना हरवले. फरक अवघ्या २८७ मतांचा. चार वर्षांनी पक्षाची उमेदवारी पुन्हा मिळवताना तर हे मताधिक्य ९८ वर आले. दाढीवाला, धिप्पाड, जंगलात राहणारा हा माणूस विकासाचा शत्रू आहे, असा प्रचार त्यांच्या विरोधात जोरात होता. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रकल्प यावेत, पण त्यांनी आपला खर्च आपण उचलावा आणि मागे काही ठेवून जावे. इतक्या थोड्या मतांनी निवडून आलेला राजकारणी एरवी सर्वांना खूष ठेवायला बघतो. हॅमंड यांनी पुढ्यात आलेला पैसा न वाटता बाजूला ठेवण्याचा विषय हाती घेतला.

यातली गंमत अशी, की अशा निधीचे पहिले विधेयक विधिमंडळाने १९७५ साली मंजूर केले तेव्हा ते हॅमंड यांनीच परत पाठवले. राज्याच्या घटनेनुसार विशिष्ट उत्पन्न विशिष्ट कामासाठी राखून ठेवता येत नव्हते. त्यामुळे साध्या कायद्याने केलेली तिजोरी न्यायालयात टिकली नसती. टिकली असती तरी पुढच्या विधिमंडळाने साध्या बहुमताने ती उघडली असती. तेव्हा घटनेतच दुरुस्ती करायची आणि ती लोकांच्या मताला टाकायची, असे ठरले. २ नोव्हेंबर १९७६ रोजी मतदान झाले आणि जवळजवळ दोनास एक अशा प्रमाणात लोकांनी होकार दिला. खनिजांच्या स्वामित्वधनातला आणि भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातला किमान २५ टक्के वाटा कायम निधीत जाईल आणि त्याचे मुद्दल फक्त उत्पन्न देणाऱ्या गुंतवणुकीत राहील, असे घटनेत लिहिले गेले. हॅमंड यांना याहून मोठा वाटा हवा होता. मिळाला तेवढ्यावर त्यांनी समाधान मानले. फेब्रुवारी १९७७ मध्ये पहिला भरणा झाला, ७ लाख ३४ हजार डॉलरांचा. अलास्काच्या एका मासेमारी कंपनीला हंगामात याहून जास्त पैसे मिळत असतील.

पण निधी स्थापन होणे वेगळे आणि तो टिकणे वेगळे. पहिला वाद लगेच उभा राहिला. हा पैसा राज्यातल्या उद्योगांना कर्जाऊ द्यावा, त्यातून रोजगार वाढेल, असे एका गटाचे म्हणणे होते. ऐकायला ते कुणालाही पटावे. पण कर्ज वाटणारी तिजोरी आणि मते मागणारा पुढारी एका छपराखाली नांदू लागले, की वसुलीचे काय होते, हे आपल्या सहकारी संस्थांच्या इतिहासाने आपल्याला पुरेपूर शिकवलेले आहे. कुंपणच शेत खाते, ते असे. चार वर्षे चर्चा झाली आणि १९८० साली निकाल लागला. निधी म्हणजे विकास बँक नव्हे, तो विश्वस्त निधी. त्याच्यासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले गेले आणि सावध विश्वस्ताने करावी तशी गुंतवणूक करण्याचे बंधन त्याच्यावर आले. पुढे आणखी एक शहाणपणाची तरतूद झाली. महागाईने मुद्दलाची किंमत जेवढी झिजेल, तेवढी भर दरवर्षी उत्पन्नातून मुद्दलात घालायची. आकडा तोच राहिला आणि त्याची खरेदीशक्ती अर्धी झाली, तर ते मुद्दल राखणे नव्हे, हे मुदत ठेवीवर जगणाऱ्या आपल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको.

आता प्रश्न उरला व्याजाचा. मुद्दलाला घटनेचे कुलूप लागले होते, पण उत्पन्न विधिमंडळाच्या हाताशी होते. हॅमंड यांना नॅकनेकमधली जुनी कल्पना आठवली. उत्पन्नातला वाटा थेट प्रत्येक नागरिकाच्या हाती लाभांश म्हणून द्यायचा. त्यांची दोन कारणे होती. पहिले न्यायाचे. सरकारी योजनांचा, अनुदानांचा आणि स्वस्त कर्जांचा लाभ ज्यांची ओळख असते त्यांनाच आधी मिळतो. समान लाभांश दिला की राजधानीतल्या कंत्राटदाराला जेवढा, तेवढाच नदीकाठच्या यूपिक आजीला आणि तिच्या नातवालाही. दुसरे कारण पहाऱ्याचे. दरवर्षी घरी येणारा धनादेश पाहून लोक निधीची चौकशी करतील, त्याला हात लावू पाहणाऱ्याला जाब विचारतील. हजार लेखापरीक्षकांनी झाले नसते ते काम चार लाख भागधारक फुकट करतील, असा हा हिशेब होता.

१९८० साली कायदा झाला. १९५९ पासून राज्यात जेवढी वर्षे काढली असतील, त्या प्रत्येक वर्षामागे ५० डॉलर, असे त्याचे सूत्र होते. जुन्या रहिवाशाला हजाराच्या घरात आणि नव्याला ५०. दोन वर्षांपूर्वीच तिथे आलेल्या एका वकील दांपत्याने याला आव्हान दिले. त्यांच्यावर लोकांचा प्रचंड रोष झाला, पण जून १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. नागरिकांत जुना-नवा असा भेद करता येणार नाही, असा निर्णय झाला. हॅमंड यांची मूळ योजना मोडली, पण पर्यायी कायदा तयार होता. सहा महिने राहिलेल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, सारखी रक्कम. त्याच वर्षी पहिला लाभांश निघाला, माणशी १००० डॉलर. पाच जणांच्या कुटुंबाला ५००० डॉलर. ज्या गावांत रोख पैसा दिसायचा तो फक्त मासेमारीच्या हंगामात, तिथे हा केवढा आधार झाला असेल, याची कल्पना करून पाहावी.

इथवर ही विजयाची कथा वाटते. पण हॅमंड यांच्या मनात त्यांच्याच कारकिर्दीतला एक पराभव कायम सलत राहिला, आणि आजचा सगळा वाद समजायचा तर तो पराभव समजून घेतला पाहिजे. तेलाचा पैसा धो धो येऊ लागल्यावर १९८० सालीच विधिमंडळाने राज्याचा प्राप्तिकर रद्द केला. लोक अर्थातच खूष झाले. हॅमंड यांचा याला विरोध होता. कर कमी करावा, हवा तर काही काळ थांबवावा, पण पुसून टाकू नये, असे त्यांचे मत होते. सरकारचा खर्च वाढला की आपल्या खिशाला चिमटा बसतो, हे नागरिकाला जाणवत राहिले पाहिजे. तो धागा तुटला, की प्रत्येक जण सरकारकडे मागत सुटेल आणि कुणीही त्याला आवरणार नाही, हे त्यांना दिसत होते. पण लोकमताच्या त्या लाटेपुढे त्यांनी अखेर माघार घेतली. आयुष्यातली मोठी राजकीय चूक म्हणून पुढे ते स्वतःच याकडे बोट दाखवत.

त्यांची योजना दोन चाकांची होती. एका चाकाचे नाव लाभांश, दुसऱ्याचे कर. लाभांशामुळे नागरिक निधीवर लक्ष ठेवणार आणि करामुळे सरकारी खर्चावर. एक चाक राहिले, दुसरे निखळले.

डिसेंबर १९८२ मध्ये मुदत संपली आणि हॅमंड लेक क्लार्कच्या घरी परतले. पुढे काही वर्षे त्यांनी अलास्काच्या जीवनावर दूरदर्शन मालिका सादर केली, १९९४ साली आत्मचरित्र लिहिले. दरम्यान १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. राज्यात मंदी आली, घरे ओस पडली, बँका बुडाल्या. त्या पडझडीत कायम निधीचे मुद्दल मात्र शाबूत राहिले. ९० कोटींच्या वेळी जे झाले ते या वेळी झाले नाही.

खरी कसोटी १९९९ साली लागली. तेलाचा भाव आधीच्या वर्षात पिंपामागे दहा डॉलरांच्या आसपास घसरला होता, अंदाजपत्रकात मोठी तूट होती. निधीच्या उत्पन्नातला काही भाग सरकारी खर्चासाठी वापरावा का, असा प्रश्न सप्टेंबरमध्ये लोकांपुढे ठेवला गेला. ८३ टक्के मतदारांनी नाही म्हटले. हॅमंड यांनी बसवलेला पहारा जागा होता. पण तो कशावर जागा होता? निधीवर, की आपल्या धनादेशावर? तूट तर होतीच. ती कर देऊन भरून काढायलाही तेच मतदार तयार नव्हते. हॅमंड यांची स्वतःची भूमिका या दोन्हींपेक्षा वेगळी होती. लाभांश कापणे म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्याकडून सारखीच रक्कम काढून घेणारा डोईपट्टीसारखा कर. कोट्यधीशाला त्याची खबरही लागत नाही, आणि सहा मुलांच्या कोळी कुटुंबाचा मात्र हिवाळ्याचा किराणा जातो. सरकारला पैसा हवाच असेल तर ऐपतीप्रमाणे प्राप्तिकर घ्या, असे ते उतारवयातही लिहित आणि सांगत राहिले. कराचा पुरस्कार करणारा रिपब्लिकन हे अमेरिकेत दुर्मीळच. २ ऑगस्ट २००५ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, लेक क्लार्कच्या त्याच घरी त्यांचे निधन झाले.

ते गेल्यावर अकरा वर्षांनी पहारा मोडला. १९८८ साली दिवसाला २० लाख पिंपांवर गेलेले तेल उत्पादन ओसरत ओसरत पाच लाखांच्या आसपास आले होते, त्यात २०१४ पासून भाव पडले. २०१६ साली तेव्हाच्या राज्यपालांनी लाभांशाची रक्कम निम्म्यावर आणली. माणशी २००० हून अधिक मिळायचे, ते १०२२ डॉलर मिळाले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि लाभांशाचे सूत्र कायद्यात असले तरी दरवर्षी त्याला विधिमंडळाची मंजुरी लागेलच, असा निकाल २०१७ साली लागला. २०१८ मध्ये नवा कायदा आला. निधीच्या सरासरी मूल्याच्या सव्वापाच टक्के, आणि काही वर्षांनंतर पाच टक्के, एवढीच रक्कम दरवर्षी उचलायची. त्यातूनच सरकारी खर्च आणि त्यातूनच लाभांश.

कोणत्याही विश्वस्ताला ही मर्यादा शहाणपणाची वाटेल. निधी आता आठ हजार कोटी डॉलरांच्या घरात आहे आणि त्यातून मिळणारी वार्षिक रक्कम राज्याच्या सर्वसाधारण खर्चाचा सर्वांत मोठा आधार झाली आहे. शाळा, पोलीस, रुग्णालये यांना पैसा हवा, तो तेलातून पुरेसा येत नाही, लोक कर द्यायला तयार नाहीत. मग निधी असून उपयोग काय, असे एक बाजू विचारते. हा प्रश्न खोटा नाही. दुसरी बाजू म्हणते, एकाच ताटात सरकार आणि नागरिक जेवायला बसले, तर वाढपी सरकारच असल्यामुळे नागरिकाच्या वाट्याला काय उरणार? आकडेच बघा. १९८२ साली पहिला लाभांश होता १००० डॉलर. २०२५ सालचा लाभांशही होता १००० डॉलर. मधल्या ४३ वर्षांच्या महागाईत पहिल्या हजाराची किंमत आजच्या भावाने तीन हजारांच्या वर जाते. म्हणजे निधी अवाढव्य झाला आणि भागधारकाचा वाटा एक तृतीयांशाहूनही खाली आला. शिवाय न वापरलेले उत्पन्न ज्या राखीव खात्यात असते ते मुद्दलासारखे घटनेने बांधलेले नाही. ते साध्या बहुमताने काढता येते. मुद्दल लोखंडी तिजोरीत आणि व्याज उघड्या फडताळात, अशी ही स्थिती.

हा वाद अलास्कापुरता राहिलेला नाही, तो आपल्या शेजारी येऊन पोचला आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली थांबल्या आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निकाल दिला. खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा १० टक्के भाग एका कायम निधीत ठेवावा, आणि तो निधी शाश्वत विकासासाठी व पुढच्या पिढ्यांच्या हक्कासाठी असावा, असे त्यात सांगितले होते. जमिनीतून काढलेले खनिज हे उत्पन्न नसून विकलेली मालमत्ता आहे, हा विचार त्याच्या मुळाशी आहे. नॅकनेकच्या धक्क्यावर उभे राहून बाहेर जाणारा मासा पाहणाऱ्या हॅमंड यांना तो ताबडतोब पटला असता. मात्र त्यांनी लगेच दुसरा प्रश्नही केला असता. निधी झाला, पण डिचोली किंवा सांगे तालुक्यातल्या माणसाला तो आपला वाटतो का? त्यात आज किती रक्कम आहे, ती कुठे गुंतवली आहे, हे त्याला त्याच्या पासबुकाइतके ठाऊक आहे का?

अमेरिकन संसदेने २०१९ साली लेक क्लार्कच्या परिसरातल्या सुमारे २६ लाख एकर संरक्षित रानाला हॅमंड यांचे नाव दिले. त्यांचे खरे स्मारक मात्र तो निधी आहे, आणि ते अर्धेच बांधून झाले आहे. कुलूप लावणे सोपे असते. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसे तयार करणे कठीण, आणि ती माणसे केवळ घेणारी राहू नयेत, देणारीही व्हावीत, हे सर्वांत कठीण. पहिली दोन कामे हॅमंड यांना साधली. तिसरे त्यांच्या हातून निसटले, आणि ते पुरे करायला त्यांच्यानंतर अजून कुणी पुढे आलेले नाही.